ही ओळ काढू नये

"आण्णा, हा मधेच झोपतो का?" मी त्यांच्या संगणकापुढे बसून विचारलं.

आण्णा आईच्या पातळाची घडी घालत होते. एक टोक हनुवटीखाली धरून, दोन्ही हात ताणून ते म्हणाले, "कोण?"

"तुमचा प्रोग्राम."

"म्हातारा आहे. डुलकी लागत असंल."

मी हसले नाही. त्या दिवशी मला हसण्याचीही दमणूक होत होती. सकाळी साडेसहाची एस्टी धरून मी पुण्याहून निघाले होते आणि दुपारी एकला जयसिंगपुरात उतरले होते. चौदा महिने हेच चाललं होतं. एक शनिवार सोडून एक शनिवार एस्टी, रविवारी दोनची परतीची, सोमवारी ऑफिस. आईला झटका आल्यापासून.

झटक्याने आईचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात थोडा परत आला. बोलणं आलं नाही. मी गेले की ती माझ्याकडे बघायची, डावा हात माझ्या गालावरून फिरवायची, आणि मग खिडकीतून बाहेर बघत बसायची. डॉक्टर म्हणाले होते, समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. पुण्यात यासाठी चांगल्या बाई आहेत, असंही म्हणाले होते. मी त्या बाईंना भेटून आले होते. तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने बघितला होता. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेतल्या होत्या. फक्त आण्णा हलत नव्हते.

"काम तेवढं संपू दे," ते दर वेळी म्हणायचे. "मग येतोच की."

काम म्हणजे 'नदीकाठ'. गावातल्या एका मास्तरांनी चालवलेलं साप्ताहिक. सतरा वर्षं ते आमच्या छापखान्यात निघालं, अक्षरन् अक्षर आण्णांनी जुळवलेलं. मास्तर गेले. कागदी अंक पुराच्या पाण्यात गेले. उरल्या त्या आण्णांच्या संगणकातल्या फायली, त्याही जुन्या फॉन्टमधल्या. आजच्या संगणकावर उघडल्या की मराठीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. एका वाचनालयाने सगळे अंक इंटरनेटवर ठेवायचं कबूल केलं होतं. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये करून द्यायचा. एकतीस मार्चच्या आत.

आण्णांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझं कॉलेजातलं पायथनचं पुस्तक माळ्यावरून काढलं आणि स्वतः प्रोग्राम लिहिला. जुनं चिन्ह दिसलं की नवं अक्षर घाल, असे चारशे बारा नियम. तरी एक अडचण उरत होती. फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर आणताना काही अक्षरं कायमची हरवली होती आणि त्यांच्या जागी रिकामे चौकोन आले होते. अशी ओळ आली की प्रोग्राम थांबायचा, ओळ दाखवायचा, आणि आण्णांनी शब्द भरला की पुढे जायचा. अशा अठरा हजार ओळी शिल्लक होत्या.

रोज रात्री फोनवर मी विचारायची, "किती झाल्या?"

"आज अकरा," ते ऑगस्टमध्ये म्हणायचे. दिवाळीत म्हणायचे, "आज चाळीस." परवा म्हणाले होते, "एकशे दहा."

मी मनात भागाकार करायची. अठरा हजार भागिले एकशे दहा. मार्च कुठला, पावसाळा उजाडेल.

आणि माझा धंदाच तो. कंपनीत लोक मला त्यासाठीच पगार देतात: इतरांचे रेंगाळणारे प्रोग्राम पळते करायचे. स्वतःच्या बापाचा प्रोग्राम सहा महिने रांगत होता, आणि मी बसमध्ये बसून भागाकार करत होते.

"मी बघू का जरा?" त्या दुपारी जेवण झाल्यावर मी म्हणाले होते.

आण्णांनी आईच्या खाटेकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "बघ हवं तर."

आमच्या धंद्यात पहिला नियम असा की आधी मोजायचं. वेळ कुठे जातो ते कळल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. मी मोजलं. आण्णांच्या प्रोग्राममध्ये नवशिक्याने करायच्या सगळ्या चुका होत्या. अख्खं वर्ष एका फाइलीत ठेवलेलं, आणि एक शब्द भरला की फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची. प्रत्येक ओळीवर चारशे बारा नियम एकामागून एक, चिन्ह असो नसो. एकेक अक्षर जोडत ओळ वाढवायची, म्हणजे प्रत्येक अक्षराला आधीची सगळी ओळ नव्याने लिहायची. एका शब्दामागे जवळजवळ एक मिनिट नुसतं यातच जात होतं. शिवाय प्रत्येक उत्तरानंतर प्रोग्राम कुठल्याशा वेगळ्या फाइलीत काहीतरी टिपून ठेवत होता. ते कशाला, देव जाणे.

आणि या सगळ्याच्या मधोमध ती ओळ. चौकोनवाला मजकूर पडद्यावर आला की प्रोग्राम वीस सेकंद झोपायचा. वीस सेकंद कळफलक बंद. त्यानंतरच उत्तर घ्यायचा. त्या आज्ञेच्या डोक्यावर आण्णांनी मराठीत टीप लिहिली होती: 'ही ओळ काढू नये. भू. म.'

भू. म. म्हणजे भूपाल मगदूम. छापखान्यात मुद्रितावर, म्हणजे प्रूफवर, तपासल्याची सही करायचे तशी.

"आण्णा, हे वीस सेकंद कशाला?"

"असू दे की ते."

"अहो, पण कशाला?"

"काय बिघडतंय त्यानं?"

"अठरा हजार ओळी गुणिले वीस सेकंद. शंभर तास होतात. शंभर तास तो नुसता झोपणार."

"मग झोपू दे की बिचाऱ्याला." ते आईच्या खाटेकडे गेले, तिच्या पाठीमागची उशी सारखी केली. "सगळं माणूस जागं असताना होतं असं थोडंच आहे."

मला वाटलं, नेहमीची थट्टा. आणि खरं सांगायचं तर अशा टिपा मी शेकड्याने पाहिल्या होत्या. 'याला हात लावू नका.' 'हे का चालतं माहीत नाही, पण चालतं.' कधीकाळी कुणाला तरी काहीतरी अडलं, त्याने ठिगळ लावलं, आणि मग त्या ठिगळाला शेंदूर फासला. माझ्या कामाची सुरुवातच तसले शेंदूर खरवडण्याने होते.

मी ती ओळ काढली. टिपणाची फाइल बंद केली. चारशे बारा नियमांचा एकच तक्ता केला, म्हणजे ओळीवरून एकदाच हात फिरवायचा आणि सापडेल ते बदलायचं. फाइल एकदाच वाचायची. तुकडे गोळा करून शेवटी एकदम जोडायचे. आणि मुख्य म्हणजे चौकोन. सतरा वर्षांच्या धड ओळींमधून शब्दांची यादी काढली, कुठल्या शब्दाशेजारी कुठला येतो तेही काढलं. आता चौकोन आला की प्रोग्राम माणसाला विचारणार नव्हता. यादीतून जो बसेल तो शब्द स्वतःच घालणार होता.

संध्याकाळी आण्णांनी खिचडी केली. मी लॅपटॉपवरून मान वर न करता खाल्ली. आई समोर बसून डाव्या हाताने हळूहळू खात होती.

"आई, आता सुटलात तुम्ही दोघं," मी तिला म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. मग संगणकाच्या टेबलाकडे बघितलं.

रविवारी सकाळी अकराला मी प्रोग्राम सोडला. आण्णांना खुर्ची ओढून शेजारी बसवलं. पडद्यावर वर्षांचे आकडे सरकायला लागले. तीन मिनिटं अकरा सेकंदांत सतरा वर्षं संपली.

"झालं?" आण्णा म्हणाले.

"झालं."

"सगळं?"

"सगळं. बघा ना तपासून."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. कुठलाही एक अंक उघडला. मग दुसरा. बोट ओळीवरून सरकवत, ओठ हलवत वाचत राहिले. वीस-पंचवीस ओळी तपासल्या असतील. एक चूक निघाली नाही. बेचाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस तो, चूक असती तर सोडली नसती.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "हुशार आहेस." आणि चहा टाकायला आत गेले. चहा टाकून ते बराच वेळ ओट्यापाशी उभे होते. चहा उतू गेला, तेव्हा मला वाटलं, आनंदाने लक्ष उडालं असेल.

दोनची एस्टी मी सोडली. ऑफिसला फोन करून सोमवारची रजा टाकली. म्हटलं, आता आलोच आहोत तर सामान बांधायला सुरुवात करू, नाहीतर आण्णा परत काहीतरी काढतील. दुपारभर मी कपाटं उपसली. आण्णा मदत करत होते, म्हणजे मी काढलेली वस्तू हातात घेऊन उभे राहत होते.

चार वाजता त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. आईचे केस विंचरले. तोंड पुसलं. तिला धरून उठवलं आणि संगणकाच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत आणून बसवलं. मला वाटलं, उजेडासाठी. ही वेळ मी त्या घरात चौदा महिन्यांत कधी पाहिलीच नव्हती. शनिवारी मी आले की आण्णा कामाला सुट्टी द्यायचे, आणि रविवारी चारला मी परतीच्या एस्टीत असायचे.

आईने डावा हात टेबलावर ठेवला. पाठ सरळ केली.

"घ्या," ती म्हणाली.

माझ्या हातात पितळेचा गडू होता. तो मी तसाच धरून राहिले.

आवाज जाड होता, ओला, पण तिचाच. आणि शब्दही तिचाच. छापखान्यात लेखकाचं हस्तलिखित आई मोठ्याने वाचायची आणि आण्णा जुळवलेला मजकूर त्याच्याशी ताडून बघायचे. बसल्याबरोबर आई म्हणायची, "घ्या." मग चिन्हांसकट वाचत सुटायची: गावच्या भल्यासाठी स्वल्पविराम सर्व ग्रामस्थांनी एकत्र यावे पूर्णविराम. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असंच बोलतात. रागावली की मला म्हणायची, "सुप्रभा, अभ्यासाला बस. पूर्णविराम." म्हणजे पुढे बोलायचं नाही.

आण्णा खुर्चीत बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पडद्यावर एक अंक उघडला आणि वाचायला लागले.

"शिरोळच्या आठवडी बाजारात गेल्या सोमवारी बैलांची आवक..." ते थांबले. "आवक..."

मी पडद्याकडे बघितलं. ओळ पूर्ण होती. पुढे 'घटली' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

आईने आण्णांच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. कपाळावर आठी आली, जशी ती कच्चं मुद्रित समजून पक्कं हातात पडलं की यायची. मग ती म्हणाली, "झालंय हे."

"अं?"

"झालंय," आई म्हणाली. तिने टेबलावरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

आण्णांनी आणखी एक अंक उघडला. आणखी एक वाक्य वाचलं. आई वळली नाही. सव्वाचारला त्यांनी पडदा बंद केला.

मी स्वयंपाकघरात गेले. ते मागून आले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ऑगस्टपासून. एक दिवस मी असाच पुटपुटत वाचत होतो. चौकोन आला, ओळ तशीच ठेवून चहा घेत बसलो. तर ही मागून म्हणाली, ग्रामस्थ." त्यांनी ओट्यावरची चहाची वाळलेली साय नखाने खरवडली. "बाकी काही नाही बोलायची. भूक लागली म्हणायची नाही. पण ओळ वाचली, चौकोन आला, की बोलायची."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आलीस की गप्प. दोनदा बघितलं तुझ्यासमोर वाचून, तुला कळलंही नसंल. मग म्हटलं, सांगितलं तर तू येऊन तिच्या तोंडाकडे बघत बसशील. वाट बघणाऱ्याच्या समोर तिला शब्द सापडत नाही."

"आणि ते वीस सेकंद..."

"मला शब्द लगेच दिसायचा ना गं. मीच जुळवलेला मजकूर. हात शिवशिवायचे. तिच्या आधी मीच टाइप करून मोकळा व्हायचो, आणि मग ती गप्प. म्हणून मी माझेच हात बांधून घेतले. पहिले वीस सेकंद निभले की पुढं दम निघायचा."

मी ओट्याला टेकून उभी होते. म्हणाले, "जुना प्रोग्राम आहे माझ्याकडे. आता परत घालते. चौकोनही घालते होते तसे."

"भरलेले काढून?"

"हो. नाहीतर कुठे कुठे चुकीचे शब्द घालू. ती पकडेल."

"पकडेल," आण्णा म्हणाले. "आणि मुद्दाम घातलीय हेही पकडेल. बेचाळीस वर्षं चुका काढल्यात तिनं. खरी चूक कुठली नि खोटी कुठली, तिला वासावरनं कळतंय. पेपर वाचून बघितला मी. दवाखान्यातल्या बाईंनी चित्रं दिली होती, हे केळं आहे, ही गाय आहे, ती दाखवून बघितली. तोंड फिरवून बसायची. पोरखेळात नाही येत ती. काम असंल तर येते."

"आण्णा, तुम्ही नाही म्हणायचं होतंत मला."

"व्हय." त्यांनी फडकं घेतलं, ओटा पुसला, फडकं पिळलं. "म्हणता आलं असतं. तू विचारलंस तेव्हा मनात आलं पण." मग फडकं दांडीवर पसरत, पाठमोरे, म्हणाले, "दमलो होतो गं. मलाही वाटलं, संपू दे एकदा."

तरीही आम्ही दुसऱ्या दिवशी करून बघितलं. त्यांच्या संगणकावर जुना प्रोग्राम लावला, एका वर्षाचे चौकोन परत आणले. मी मागच्या खोलीत जाऊन बसले, दार लावून. भिंतीपलीकडून आण्णांचा आवाज येत होता. वाचत होते, थांबत होते, वाचत होते. मध्ये दुसरा आवाज आला नाही. कदाचित ते थांबत होते तेच आता खोटं वाटत असेल. त्यांना माहीत होतं ना, पुढचा शब्द आता कुणालाच नकोय हे.

वाचनालयाला मजकूर फेब्रुवारीतच गेला. मार्चमध्ये ती दोघं पुण्याला आली. त्या बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. चांगल्या होत्या. आई त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसायची. दिवाळीनंतर बारा दिवसांनी ती गेली. मधल्या आठ महिन्यांत ती काहीही बोलली नाही.

आण्णा माझ्याकडे आणखी सहा वर्षं होते. त्या तीन दिवसांबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. या वर्षी श्रावणात ते गेले.

त्यांचा जुना संगणक मी टाकून दिला नव्हता. गेल्या महिन्यात, आतलं काही ठेवण्यासारखं आहे का म्हणून तो चालू केला. त्यात मी बंद केलेली ती टिपणाची फाइल सापडली. प्रत्येक चौकोनाची एक ओळ. तारीख, आईने सांगितलेला शब्द, आणि ओळ पडद्यावर आल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचे सेकंद. ते मात्र आण्णांनी मोजून ठेवले होते.

सवयीने मी ते आकडे तारखेच्या क्रमाने लावले आणि दिवसाची सरासरी काढली.

अकरा ऑगस्ट, 'ग्रामस्थ', चारशे बत्तीस सेकंद. त्या आठवड्याची सरासरी सहा मिनिटांच्या वर. सप्टेंबरअखेर चार मिनिटं. दिवाळीत तीन. डिसेंबरच्या मध्याला सव्वा मिनिट. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकतीस सेकंद. प्रोग्राम तोच, नियम तेच चारशे बारा, फाइल तशीच प्रत्येक वेळी पहिल्यापासून वाचली जात होती. आणि तरी रोज फोनवर आकडा वाढत होता. अकरा, चाळीस, एकशे दहा. मी भागाकार करत होते.

शेवटचे नऊ दिवस सरासरी नाही काढली. गरज नव्हती. सगळ्या नोंदी एकच होत्या: एकवीस, एकवीस, एकवीस. शेवटची मी आले त्या शनिवारची, सकाळी अकरा चाळीसची. मी तेव्हा बसमध्ये होते. एकवीसच्या खाली आकडा जाणं शक्यच नव्हतं, कारण वीस सेकंद कळफलक बंद असायचा आणि एक सेकंद आण्णांच्या बोटांना लागायचा.

त्या नऊ दिवसांत प्रोग्राम झोपलेला असायचा, आणि शब्द सांगून झालेली आई त्याच्या उठण्याची वाट बघत बसलेली असायची.